मगदुमांच्या दुकानातला नमुन्याचा दरवाजा

"आप्पा, आपली चार दुकानं होती ना? मग ती बुडाली कशी?"

हा प्रश्न कस्तुरीनं आज भर दुपारी, भर दुकानात विचारला. ऐकायला तिचे आप्पा होते, मी होतो, आणि पायरीवर कान टवकारून बसलेल्या तिच्या मैत्रिणी होत्या. पैज त्यांचीच! वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून कस्तुरीला कुणापुढेही बोलायची भीती उरलेली नाही. शाळेत ती थेट मोठ्या बाईंना सांगून आली, की आमच्या वर्गाची खिडकी लागत नाही, तिची बिजागरी बदला. आणि बाईंनी बदलली! तेव्हापासून तर काय, पोरीला आभाळ ठेंगणं झालं आहे. म्हणून तिच्या मैत्रिणीनं, अंजनानं, तिला डिवचलं.

"मोठ्या बाईंपुढं बोलतीस व्हय? मग घरात बोलून दाखव की. चार दुकानांची लेक म्हणवतीस, आन तीन कुठं गेली ते ठावं न्हाई!"

"विचारीन! त्यात काय एवढं?"

"आप्पा वरडलं तर रडत येशील."

"बघच तू."

आणि तिनं विचारलं. आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हातातलं फडकं त्यांनी घडी घालून ठेवलं, ती घडी मोडून पुन्हा घातली, आणि रस्त्याकडे बघत बसले. पायरीवरच्या पोरी एकेक करून पसार झाल्या. कस्तुरी मात्र तिथंच उभी राहिली.

मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. दुकानाच्या भिंतीला टेकून मी उभा असतो, माझ्याकडे कुणी बघत नाही, पण माझ्यासमोर सगळं घडलं आहे. दरवाजा आहे मी. वय काही फार नाही, दहा वर्षांच्या आतलाच. पण अंगावरचं तेलपाणी गेलं की दरवाजाला सगळे जुनाच म्हणतात. आता सांगलीचं हे शेवटचं दुकानही पाडव्याला दुसऱ्याच्या हाती जायचं आहे. त्याचं आप्पांना तितकंसं वाटत नाही. त्यांच्या मनात अडकून बसलं आहे ते वेगळंच. माण तालुक्यातल्या एका घरी त्यांना जायचं आहे. दर दिवाळीला म्हणतात, "यंदा माणला जाऊन यायला पाहिजे." आणि दर दिवाळीला राहून जातं. त्यांना तिथं का जायचं आहे आणि का जाववत नाही, हे सांगितलं की दुकानांचंही सांगून होईल.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी मी तयार झालो. लाकूड कर्नाटकातलं, सागवानी. हात कोंडीबा सुताराचे. कोंडीबा रंधा मारताना माझ्याशी बोलायचा, "लेका, सरळ राहा, वाकलास तर बघ!" मला वाटायचं, आता मी कुणाच्या तरी घराला लागणार. उंबऱ्यावर रांगोळी, माथ्यावर तोरण, आत चुलीचा धूर! कोंडीबालाही तेच वाटत होतं. त्यानं विचारलं, "मालक, कुठल्या घराचा हा?"

मालक म्हणजे आदगोंडा मगदूम, कस्तुरीचे आप्पा. ते म्हणाले, "कुठल्याच नाही. हा दुकानातच राहायचा."

"घराबिगर दरवाजा? मालक, त्यो उघडायचा कशाला वो?"

"गिऱ्हाइकानं उघडून बघायला."

कोंडीबा हसला, आणि मला जरासं वाईट वाटलं. पण मालकांच्या डोक्यात काय होतं ते कळल्यावर मी फुगलोच! तोवर सांगलीत घर बांधायचं म्हणजे माणसाची पायपीट व्हायची. खिळे एका पेठेत, रंग दुसऱ्या पेठेत, कौलं गाडीअड्ड्यावर, चुना भट्टीवर, आणि काच हवी तर कोल्हापूरला जा. मालकांनी हे सगळं एका छपराखाली आणलं. वर पाटी लावली, 'घराला लागेल ते'. आणि माझ्या अंगावर दुकानातल्या सगळ्या मालाचा एकेक नमुना ठोकला. पितळी कडी, लोखंडी कडी, कोयंडे, अडसर, मोठ्या बिजागऱ्या, नाजूक बिजागऱ्या. एक फळी हिरवी, दुसरी तांबडी. वर काच, खाली जाळी. कसा दिसत असेन, सांगा! गावचे सगळे दागिने एकाच नवरीच्या अंगावर घातल्यासारखा.

पहिल्याच आठवड्यात पाटणकडचे एक म्हातारे आले. त्यांनी मला बघितलं, पायातली पायताणं काढली, रामराम घातला आणि मला ढकलून सरळ आत निघाले. डोकं भिंतीवर आपटलं!

"आवं आजोबा, आत कुठं चाललाय? पलीकडं भिंत हाय!"

"मग दार कशाला ठेवलंय रं हितं? माणसं फसवाया?"

सगळं दुकान हसलं. मालकांनी त्यांना गूळपाणी दिलं. आजोबांनी कपाळ चोळत चोळत घरच्या गोठ्यासाठी बिजागऱ्या घेतल्या, आणि जाताना मला म्हणाले, "लय फसवा गडी हायेस."

मालकांची एक रीत होती. कडी घरच्या बाईनं निवडायची. पुरुष म्हणायचे, "बायकांना काय कळतंय त्यातलं?" मालक म्हणायचे, "लावणार ती, उघडणार ती. तुम्ही तर दिवसभर रानात." मग डोक्यावरचा पदर सावरत बायका पुढे यायच्या. आधी लाजत, मग हसत, मग भांडत! कुणी कडी वाजवून बघायची, कुणी कडेवरच्या पोराचा हात तिथं पोचतो का ते बघायची. माझ्या अंगावर किती हातांचं तेल मुरलं असेल! त्या दिवसांत आमच्या भागातली घराघरातली तरणी माणसं पलटणीत गेली होती. त्यांच्या मनिऑर्डरी यायच्या आणि मागे राहिलेल्या बायका घरं बांधायच्या. कुडाच्या भिंती पाडून मातीच्या, गवताचं छप्पर काढून कौलांचं. त्या सगळ्या आमच्याकडे यायच्या. सांगलीचं दुकान पुरेना, म्हणून कराडला शाखा निघाली. मग इस्लामपूरला, मग साताऱ्याला. प्रत्येक शाखा उघडताना मालक मला आगगाडीच्या डब्यात घालून, पुढं बैलगाडीवर आडवा करून घेऊन जात. "ह्याचा पायगुण चांगला आहे," म्हणत. दरवाजाला कुठले पाय! पण मला ते ऐकायला फार आवडायचं.

मालकांचे दोन नियम होते. पहिला, नमुना विकायचा नाही. दुसरा, दुकानात 'नाही' म्हणायचं नाही. हा दुसरा नियम त्यांना वडिलांनी घालून दिलेला. पेढीवर बसून 'नाही' म्हटलं की लक्ष्मी उठून जाते, असं ते मानत. म्हणून माल नसला तरी म्हणायचं, "येतोय." आणि चांगल्या दिवसांत तो खरंच यायचा! मालक त्याच दिवशी मुंबईला तार करायचे आणि पुढच्या गाडीनं पेटी हजर. लोक म्हणायचे, "मगदुमाकडं न्हाई हा शब्दच न्हाई." चारी दुकानं त्या एका कौतुकावर वाढली. मीही ते ऐकून ताठ उभा राहायचो. आता वाटतं, कुणीतरी तेव्हाच हटकायला हवं होतं.

कारण मग लोखंड मिळेनासं झालं. सगळं लढाईला चाललं. कंट्रोल आला, परवाने आले. आधी खिळे संपले, मग काच, मग बिजागऱ्या. दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. त्या वेळी मी साताऱ्याला होतो. सगळ्या दुकानात एकटा मीच तेवढा भरलेला, अंगावर कड्या-कोयंडे मिरवत! गिऱ्हाइकं यायची, मला हात लावून बघायची, पसंत करायची, आणि साताऱ्याचं दुकान सांभाळणारे बाळासो म्हणायचे, "येतंय. पुढच्या शनिवारी." शनिवार आला की पुन्हा, "पुढच्या शनिवारी." मालकांना मुंबईहून स्पष्ट कळलं होतं, की वर्षभर तरी लोखंडाचं नाव काढू नका. बाळासोंनी एकदा विचारलंही, "मालक, सांगून टाकू का लोकांना?"

"आणि नाही म्हणायचं?" मालक म्हणाले. "ते आपल्याच्यानं व्हायचं नाही. येईल. येईल काहीतरी."

मित्रांनो, मालक लबाड नव्हते. दिवस मावळायच्या आत जेवणारा, मुंगी चिरडेल म्हणून पाऊल जपून टाकणारा माणूस तो. एक शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

अशातच चंद्राबाई आल्या. दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतून, मोटारीनं, धुळीनं माखून. नवरा जोतीराम पलटणीत, दूर देशात. त्यांनी नवं घर बांधलं होतं, दाराची फळी बसवली होती, फक्त कडी राहिली होती. योगायोगानं त्या दिवशी मालक साताऱ्यातच होते.

"मला बाहीरनं लावायची कडी पायजे," चंद्राबाई म्हणाल्या. "घट. आमच्या म्हातारीला काय सुधरत न्हाई आता. ल्योक मोटारीनं आलाय म्हणती, आन उठून रस्त्याला लागती. मी पाण्याला गेली की कोन बघायचं तिला? सुंभानं दार बांधती, तर सोडती."

त्यांची सासू, रंगुबाई. तिला रोज वाटायचं, पोरगा स्टँडवर उतरला आहे आणि घरची वाट विसरला आहे.

चंद्राबाईंनी माझ्या सगळ्या कड्या लावून बघितल्या. माझी लोखंडी कडी त्यांना पसंत पडली. त्यांनी ती लावली, ओढली, हिसका दिला. निघाली नाही. त्यांचा चेहरा असा खुलला!

"हीच द्या."

बाळासो खाली बघायला लागले. मालक म्हणाले, "मिळेल. शनिवारी."

चंद्राबाई शहाण्या होत्या. त्यांनी रिकाम्या फळ्यांवरून नजर फिरवली. "मालक, खरं सांगा. मिळंल का न्हाई? न्हाईतर हीच काढून द्या की ह्याच्यावरली. म्या काय नवीच पायजे म्हणत न्हाई."

"तो नमुना आहे, बाई. नमुना विकत नाहीत." मालक हसून म्हणाले. "शनिवारी नवी कोरी देतो. मगदुमाचा शब्द आहे."

त्या गेल्या. जाताना पुन्हा एकदा मागे वळून माझ्या कडीकडे बघितलं. मला त्या वेळी काय वाटलं म्हणून सांगू! कडी माझ्या अंगावर होती. चार खिळ्यांवर होती. ती काढायला किती वेळ लागला असता? पण मी लाकूड. मला बोलता आलं असतं, तर मी ओरडलो असतो, "बाई, थांबा! शनिवारी काही येणार नाही!"

शनिवार आला. चंद्राबाई आल्या. बाळासो म्हणाले, पुढच्या शनिवारी. त्या पुन्हा आल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या आल्याच नाहीत. उन्हाळा चढला होता. आल्या त्या बऱ्याच दिवसांनी, आणि कडी मागायला नव्हे. त्या दुकानात आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मालक तेव्हा सांगलीला होते. समोर बाळासो होते.

"बसा बाई," बाळासो म्हणाले. "माल येतोय…"

"माल ऱ्हाऊ द्या," चंद्राबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "म्हातारी गेली. मी पाण्याला गेली हुती. सुंभ सोडलं आन चालत सुटली. दुसऱ्या दिवशी मेंढरं वळणाऱ्यांना घावली, वड्याच्या खडकावर. पाण्याचा टिपूस न्हाई तितं. घरी आणस्तवर गेली."

बाळासोंनी समोरची मागणीची वही मिटली.

"मी कडीची वाट बघत बसली. गावचा सुतार म्हनला हुता, लाकडाची खिटी करून देतो, एका दिसाचं काम हाय. मी म्हनलं, कशाला, साताऱ्यासनं लोखंडी येतीया. मगदूम मालकांनी शब्द दिलाय." त्या थांबल्या. "न्हाई म्हनला असता, तर मी खिटी घालून घेतली असती. येवढंच सांगाया आली. मालकांना सांगा."

आणि त्या गेल्या. शिव्या दिल्या नाहीत, रडल्याही नाहीत. माझ्या कडीला हातसुद्धा लावला नाही.

बाळासो त्या रात्रीच्या गाडीनं सांगलीला गेले आणि मालकांना सगळं सांगून आले. मी तिथं नव्हतो. पण त्यानंतर मालकांना मी साताऱ्याच्या दुकानात कधी पाहिलं नाही. त्यांनी सगळ्या शाखांना कळवलं, की यापुढे माल नसेल तर नाही म्हणा. पण उशीर झाला होता. चंद्राबाईंचं साऱ्या माणमध्ये कळलं होतं, माणमधून ते खटावात आलं, साताऱ्यात आलं. दुसरी माणसंही पुढे आली. कुणाच्या खिडक्या गजांवाचून उघड्या राहिल्या होत्या, कुणाच्या छपराचे पत्रे न आल्यानं पावसात ज्वारी भिजली होती. सगळ्यांना आम्ही 'येतंय' म्हटलं होतं. आता आम्ही 'नाही' म्हणायला लागलो, तर लोकांचा त्यावरही विश्वास बसेना. "लपवून ठेवलाय माल," म्हणायचे. खोटं बोलणाऱ्याचं खरंही कुणी ऐकत नाही, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आधी साताऱ्याचं दुकान बंद झालं. मग इस्लामपूर. मग कराड. लढाई संपली, लोखंड पुन्हा बाजारात आलं, पण गिऱ्हाईक आलं नाही. साताऱ्याहून मला सांगलीला आणलं आणि या भिंतीला टेकवून ठेवलं. कड्यांना गंज चढला. हिरव्या फळीचा रंग पोपडे धरून निघाला. एका उन्हाळ्यात माझी खालची कड वाळवीनं खाल्ली आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मीही कुणाला दोष देत नाही. ज्या माणसानं मला रोज पुसायचं, तोच माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मित्रांनो, तुमच्या घरच्या दाराला वर्षातून दोनदा तरी तेल घाला. बिजागरी कुरकुरायला लागली की तिचं ऐका, ती उगीच बोलत नाही. आणि कुणी तुमच्या दाराशी येऊन काही मागितलं, आणि ते तुमच्याकडे नसलं, तर तसं तोंडावर सांगा. समोरच्याला क्षणभर वाईट वाटेल. पण तो लगेच दुसरी सोय करायला निघेल. माझ्यासारख्या घर नसलेल्या दरवाजाचं हे सांगणं मनावर घ्याल ना?

असो. आजचं राहिलं.

दुपार कलली तरी कस्तुरी हटली नाही. ती माझ्याशेजारी, मालकांच्या समोर, खाली बसली. शेवटी मालकच बोलले. हळूहळू, तुटक तुटक. माझ्या आठवणीत आहे त्यातलं बरंचसं त्यांनी सांगितलं, आणि मला माहीत नव्हतं ते एक सांगितलं. दर दिवाळीला ते खरोखरच निघत होते. एकदा तर दहिवडीच्या स्टँडपर्यंत पोचले होते. तिथं एका हॉटेलच्या बाकावर बसले, चहा मागवला, तो गार झाला, आणि ते परत फिरले.

"का, आप्पा?"

"काय सांगू तिला? चुकलं म्हणू? त्यानं म्हातारी परत येते का?"

"नाही येत."

इतक्या सरळपणे ती म्हणाली, की मालकांनी दचकून तिच्याकडे बघितलं.

मागच्या अंगाला घर आहे. तिथून कस्तुरीची आई, राजमती, हात पुसत आली. "सूर्य मावळायला आला. जेवून घ्या दोघंही. आणि हे काय? तू रडतीयस का ते रडतायत?"

"कुणी रडत नाही, आई." कस्तुरीनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "चंद्राबाईंचं तुला माहीत होतं?"

राजमतीबाई उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "माहीत होतं. मी म्हणत होते, पाडव्याला दुकान गेलं की कुणाबरोबर तरी एक साडी आणि नारळ पाठवून देऊ. यांच्या मनावरचं ओझं उतरेल."

"कुणाबरोबर तरी?"

"मग काय, यांना तर जमत नाही. आता झालं गेलं ते…"

"जोतीराम परत आला पलटणीतनं," मालक मध्येच म्हणाले. "घरी आला, तर आई नाही. मला कुणीतरी सांगितलं."

कस्तुरी उठली. परकराला लागलेली धूळ तिनं झटकली नाही. वक्तृत्वाला उभी राहते तशी ती उभी नव्हती. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. पण तिनं एकदा आईकडे बघितलं, एकदा आप्पांकडे, आणि म्हणाली,

"आई, आप्पा, मी ठरवलंय. साडी नको, नारळ नको. रविवारी सकाळच्या गाडीनं मी माणला चालले आहे. चंद्राबाईंना आणि त्यांच्या जोतीरामना तोंडावर सांगणार, की माल येणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं आणि तरी आम्ही येतोय म्हटलं. आप्पा, तुम्ही आलात तर तुम्ही बोला, मी शेजारी उभी राहीन. नाही आलात, तर मी बोलेन."